क्लॅरिनेटला खुंटी नसते

लग्नसराई तोंडावर आली की सांगली-मिरजेच्या बँडवाल्यांत एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: थंडीत लाकूड आकसतं म्हणून क्लॅरिनेटचा सूर उतरतो. 440 हा आकडा (पेटीच्या पांढरी सहाची, म्हणजे 'ए' ची, सेकंदाला कंपनं) हिटलरच्या माणसांनी लादला, निसर्गाचा सूर 432. तेव्हा बॅरल (मुखाच्या खालचा आखूड तुकडा) थोडा बाहेर ओढून नळी लांबवा, सगळे सूर सारखे खाली येतात. आणि रीड (मुखावरची, फुंकल्यावर थरथरणारी पट्टी) कडक घाला, सूर पक्का राहतो.

आधी लाकूड. ते आकसलं असं धरलं तरी नळी आखूड होईल, आणि आखूड नळीचा सूर चढतो. हरिपूरला एका सकाळच्या मुहूर्ताला माझं लाकडी क्लॅरिनेट कीबोर्डच्या खाली बोलत होतं, आणि शेजारच्याचं प्लास्टिकचंही. दोष आतल्या हवेचा. गार हवेत आवाज हळू चालतो. अंशामागे सूर साधारण 3 सेंट घसरतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर). पाच-दहा मिनिटं फुंकल्यावर बराचसा वर येतो. गंमत म्हणजे मेसेज लिहिणारा आधी म्हणतो थंडीत उतरतं, आणि मग बॅरल ओढून आणखी उतरवायला सांगतो!

हिटलरचं लवकर उरकतो. 440 ची शिफारस जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या सभेत 1834 साली झाली होती; हिटलर जन्मला 1889 मध्ये. 1939 च्या लंडनच्या परिषदेत 440 वर एकमत झालं. राहिला निसर्ग. 432 म्हणजे सेकंदाला 432 कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला. मिरजेत घडलेला तंबोरा गाणाऱ्याच्या सा ला लागतो, कुणाची काळी एक, कुणाची काळी चार. तिथे 432 चा जप कुणी करत नाही.

खरी मेख बॅरलची. तंबोऱ्याची तार खुंटीने हवी तेवढी उतरवता येते. क्लॅरिनेटला खुंटी नाही, फक्त लांबी आहे, आणि प्रत्येक सुराला ती वेगळी मिळते. अगदी तळच्या सुराला जवळजवळ सगळी नळी लागते, साधारण 58 सेंटीमीटर. मधला, बोटं मोकळी ठेवून डाव्या हाताच्या वरच्या चाव्यांवर निघणारा सूर फक्त 20-21 सेंटीमीटरमध्ये संपतो. दोघांत सारखेच 4 मिलिमीटर घातले तर? घरी फोनवरचा ट्यूनर लावून पाहिलं. मधला सूर तीसेक सेंट खाली आला, म्हणजे थेट 432 च्या हिशोबात बसला (440 ते 432 हे अंतरही तेवढंच). तळचा जेमतेम बारा. वीस सेंटची फट! तळचा सूर 432 च्या हिशोबात आणायचा तर बॅरल 11 मिलिमीटर ओढावा लागेल; तेवढ्यात तो हातातच यायचा. वाद्याची भोकंच 440 किंवा 442 चा हिशोब धरून पाडलेली असतात, त्याला आपण काय करणार?

दुपारी मंडप तापला, सूर चढला, तर ओढायचंच; पण बॅरलमध्ये एखादा मिलिमीटर आणि उरलेलं वरच्या-खालच्या भागांच्या मधल्या जोडात. त्या जोडाचा परिणाम बहुतेक खालच्या सुरांवरच होतो, म्हणजे मधल्यांना धक्का न लागता तळाची उणीव भरून निघते. वारंवार लागत असेल तर मिलिमीटरभर लांब बॅरल वेगळा घ्यावा. आणि पेटीच्या पांढरी सहाशी जुळवायचं असेल तर बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर (ते लिहिल्यापेक्षा दोन पट्ट्या खाली वाजतं) आपला 'बी' धरायचा, 'ए' नव्हे. यात जुने वाजवणारेही फसतात.

कडक रीडचं म्हणाल तर ती सूर वर ओढते खरी, पण ओठ दमले की तीन तासांच्या वरातीत उरलेला सूरही जातो. शिवाय जोरात फुंकलं की क्लॅरिनेट उतरतं आणि हळू वाजवलं की चढतं, बासरीच्या नेमकं उलट. ताशा कडाडला की सगळे जोर लावतात, म्हणून मी ट्यूनर बघताना आधी वरातीएवढा जोर लावतो.