मलिद्याच्या ताटाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, मलिद्यावर (एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं प्रार्थना करून वाटायच्या गोड पोह्यांच्या ताटावर) मी लेख लिहिला. त्याखाली तुम्ही लिहिलंय, ‘शेजाऱ्यांच्या प्रसादाला हिब्रू मंत्र जोडले की झाला मलिदा. अशा लोकांनी यहुदी धर्म शिकवू नये.’ पुढेही बरंच आहे, पण आधी या ‘अशा लोकांनी’चं बघू. मतभेद चालतील, ही भाषा नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये लग्नाआधी बेने इस्रायलांच्या मागच्या पिढ्या तपासायचा फतवा निघाला, तेव्हाही हाच सूर होता. लोकांनी निदर्शनं केली, आणि १९६४ साली त्या फतव्यातून आमचं नाव काढावं लागलं. तो हिशेब मिटलाय. तुम्ही तो कुठल्या अधिकारानं पुन्हा काढता?

तोरात, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथात, मलिदा नाही, हे मान्य. पण पेसाह सणाच्या सेदेरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, एलियाहू हन्नाबीसाठी भरून ठेवतात तो पेलाही तोरात नाही, सुंतेच्या वेळी मांडतात ती त्याची खुर्चीही नाही. त्यांना नक्कल म्हणायची तुमची तयारी आहे का?

आता ताटाकडे या. आमच्या घरी हे ताट पिढ्यान्‌पिढ्या लागतं, म्हणून ठामपणे सांगते. पोहे जाड घ्यायचे, धुऊन चाळणीत निथळायचे. पाण्यात पडून राहिले तर लगदा होतो. गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची आणि सुकामेवा अगदी शेवटी मिसळायचा, कारण गोडाला पाणी सुटतं आणि प्रार्थना संपेपर्यंत पोहे चिकटून बसतात. उन्हाळ्यात खोबरं आधी खवून ठेवू नये, आंबूस होतं. त्याच जेवणात मटण असेल तर दूध-तूप नाही. भोवती फळं, त्यात खजूर आणि केळं असतातच.

तुम्हाला ‘मंत्र जोडलेत’ असं वाटतं ते या फळांमुळेच. ब्राखा, म्हणजे खाण्याआधी-नंतर म्हणायची आशीर्वादाची प्रार्थना, वाटेल तशी म्हणत नाहीत. खजूर पवित्र भूमीच्या सात पिकांतला, झाडाचं फळ, म्हणून त्यावर ‘बोरे पेरी हाएत्स’ (झाडाचं फळ निर्माण करणारा). केळीचं खोड फळ देऊन मरतं, ते झाड धरत नाहीत, म्हणून केळ्यावर ‘बोरे पेरी हाआदामा’ (जमिनीचं फळ निर्माण करणारा). चुकून खजुरावर ‘हाआदामा’ म्हटली तर चालून जातं, केळ्यावर ‘हाएत्स’ म्हटली तर ती लागत नाही. हा नियम मिश्नाच्या, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहाच्या, ब्राखोत भागातला, सहाव्या अध्यायातला. पोह्यांवर ‘बोरे मिने मेझोनोत’, पण तांदूळ यहुदी नियमातल्या गहू-जवासारख्या पाच धान्यांत येत नाही, म्हणून पोह्यांनंतरची ब्राखा गव्हाच्या पदार्थासारखी नसते, ‘बोरे नेफाशोत’ असते. हे सगळं ‘शेजाऱ्यांच्या प्रसादात’ कुठे सापडतं, ते जरूर दाखवा.

कोकणातले पोहे आणि नारळ कोकणातूनच आले. पोलंडच्या यहुद्यांच्या ताटात बीट आलं ते तिथल्या मातीतून, त्यावर कुणी बोट ठेवत नाही.

नवस, अलिबागजवळच्या खंडाळ्याची वारी, माझं शिक्षण यांवर तुम्ही जे लिहिलंय त्याला उत्तर देत बसणार नाही. ब्राखांच्या क्रमात कुठे चूक दिसली तर नियमासकट लिहा, त्यावर बोलू. ‘अशा लोकांनी’ हे शब्द मात्र पुन्हा आले तर प्रतिक्रिया काढून टाकीन.