कौलारू घरांचा विमा आणि घरपट्टीची पावती

16 मे 2021. तौक्ते वादळ आपला गोव्याचा किनारा घासून गुजरातकडे सरकलं, त्या दिवशी परसातला फणस आमच्या स्वयंपाकघरावर आडवा झाला. सगळे पुढच्या सोप्यात होतो म्हणून वाचलो. वारा निवल्यावर आई फुटक्या कौलांतून वाट काढत आधी माळ्यावरचं पुरुमेंत बघायला गेली. सुक्या मिरच्या, आमसुलं, चिंचेचे गोळे, सुकी सुंगटं, पावसाळ्याची सगळी बेगमी भिजून चिखल झाली होती. ती काही बोलली नाही. मिरच्या सुपात घेतल्या आणि एकेक निवडत बसली.

तलाठी आले, पंचनामा झाला, फोटो काढले. मदत मिळाली, पण नुसते वासे आणि रिपा बदलायलाही ती पुरली नाही. 2022 साली केंद्राने आपत्ती निधीचे निकष वाढवले, तरी पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 6,500 रुपये. तेवढ्यात आज सुतार आणि कौलं दोन्ही बसवून दाखवा.

मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या वादळाच्या दीड महिना आधी, 1 एप्रिल 2021 पासून, विमा नियामक प्राधिकरणाने 'भारत गृह रक्षा' ही घराची पॉलिसी देणं सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केलं होतं. वादळ, पूर, दरड, भूकंप, आणि हो, घरावर पडलेलं झाडसुद्धा त्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, यादी न देता संरक्षण मिळतं. रक्कम ठरते ती घर पुन्हा बांधायच्या खर्चावर, जमिनीच्या भावावर नाही. गोव्यात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण जमिनीचे भाव ऐकून माणूस विम्याचा हप्ता विचारायलाच घाबरतो. यातलं एक अक्षर आमच्या वाड्यावर कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढच्या वर्षी विम्याचं विचारायला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला: घर कोणाच्या नावावर? आजोबांच्या. वारस अकरा, त्यातले तिघे मुंबईला, एक काका परदेशात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली वाटणी ठरवायची कोर्टाची प्रक्रिया, अजून झालेली नाही. "आधी कागद करून आणा," विमावाले म्हणाले. गोव्यातली किती जुनी घरं या एका वाक्यावर अडत असतील! आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांचं काय? 1975 च्या कायद्याने त्यांना घरातून काढता येत नाही, पण घराखालची जागा नावावर करून घ्यायची खरेदीची प्रक्रिया ज्यांची व्हायची आहे, ते कोणता कागद दाखवणार? बँकेच्या कर्जावर घेतलेल्या फ्लॅटला विमा असतो, बँकच तो घ्यायला लावते. वाऱ्यापावसाचा पहिला मार खाणारी चिऱ्यामातीची कौलारू घरं मात्र तशीच उघडी.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पॉलिसी काढा म्हणून जाहिराती करून भागणार नाही, सरकारने मध्ये पडायला हवं. घरपट्टीची पावती आणि वीजबिल एवढ्यावर विमा मिळाला पाहिजे, भरपाई घर दुरुस्त करणाऱ्याच्या हातात पडली पाहिजे, वारसांचं भांडण त्यांचं ते मिटवतील. हप्ता पंचायतीत घरपट्टीबरोबर भरता यावा. मुंडकार आणि गरीब कुटुंबांचा हप्ता राज्याने भरावा. हे अशक्य नाही. 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत आपण आजारपणासाठी असंच काही करतो आहोत. केंद्राने वर्षाला 20 रुपयांत अपघात विमा दिला, पिकाला विमा दिला, घराला का नाही? सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. घराच्या विम्यावर अजून 18 टक्के आहे. तो तरी काढा.

नागालँडने तर राज्यासाठीच विमा घेतला. पाऊस ठरलेल्या मापाच्या वर गेला की पैसे सरकारकडे येतात, घराघराचा पंचनामा होईपर्यंत थांबावं लागत नाही. 23 जुलै 2021 ला सत्तरी तालुक्यात म्हादई नदी घरांत शिरली तेव्हा असं काही हाताशी असतं तर?

कुणी म्हणेल, विमा आला की सरकार हात झटकेल. ही भीती मला खोटी वाटत नाही. अमेरिकेत फ्लोरिडात 1992 च्या अँड्र्यू वादळानंतर कित्येक विमा कंपन्या बुडाल्या, उरलेल्या काढता पाय घेऊ लागल्या. शेवटी राज्याला स्वतःची विमा संस्था उभी करावी लागली आणि छपरं मजबूत करायला घरमालकांना अनुदानही द्यावं लागलं. आपल्याकडेही विम्याच्या जोडीला वासे बदलायला, कौलं पक्की बांधायला आणि घरावर झुकलेली झाडं वेळेत उतरवायला पैसे द्या. आमचा फणस दोन वर्षं झुकलेला होता. उतरवायची मजुरी परवडत नाही म्हणून बाबा पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिले.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. घरपट्टीच्या पावतीवर विमा मिळावा, या मागणीचा ठराव मी लेखी दिला आहे. कुणाला तुमच्या पंचायतीत तो मांडायचा असेल तर मसुदा मागा, लगेच पाठवते.