पॅड बदलूनही आवाज राहिला, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. तुम्ही लिहिलंय की चालत्या गाडीत पुढून घर्रर्र आवाज येत होता, आम्ही ब्रेक पॅड बदलून २,७५० रुपये घेतले, चार दिवसांनी मुंबईला निघालात तर आवाज तसाच. घोटीला गाडी दाखवली, तिथल्या मिस्त्रींनी दोन मिनिटांत "बेअरिंग गेलंय" म्हणून सांगितलं. आणि शेवटी, "गरज नसताना पॅड बदलून लुटलं."

बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग, आमच्या नजरेतून सुटलं, हे खरं आहे. लुटलं, हे खरं नाही. आधी आमची चूक.

तुमची गाडी आली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. आमच्या पोराने ट्रायल घेतली ती पाथर्डी फाट्याच्या सिग्नलपर्यंत. त्या वेळी तिथे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली तरी नशीब. ब्रेक दाबला की करकर येत होती, चाक खोललं तर पॅड संपलेले, आम्ही म्हटलं सापडला चोर. घरात दुसराही चोर असू शकतो हे मला 22 वर्षांच्या धंद्यात कळायला हवं होतं. तुम्ही तर स्पष्ट सांगितलं होतं की आवाज साठच्या पुढे येतो, ब्रेकला पाय न लावता. जॉबकार्डवर तसं लिहिलेलंही आहे, आज काढून बघितलं. म्हणजे विल्होळीपर्यंत हायवेला चक्कर मारायला हवी होती. ती मारली नाही, बस.

मारली असती तर काय केलं असतं तेही सांगतो. साठवर गाडी न्यूट्रल करायची. इंजिनचा आवाज खाली बसतो. तरी घरघर चालूच राहिली तर इंजिन निर्दोष, दोष चाकांकडे. मग लांब वळण. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. त्यानंतर गाडी जॅकवर घ्यायची, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग चांगलं असेल तर हाताला काही कळत नाही. गेलेलं असेल तर जात्यात खडा आल्यासारखी बारीक खरखर बोटांना लागते. आम्ही चाक फक्त वर-खाली धरून हलवलं होतं, प्ले, म्हणजे चाकात ढिलेपणा, नव्हता, म्हणून सोडून दिलं. पण प्ले बऱ्याचदा उशिरा येतो, बेअरिंग त्याच्या कितीतरी आधी बोलायला लागतं.

अजून एक गोष्ट आज सकाळी फोनवर तुमच्याकडून कळली. पुराच्या दिवशी गाडी गोदाकाठी गौरी पटांगणावर निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. ज्याच्यावरून गोदावरीचा पूर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की दर पावसाळ्यात आमच्याकडे अशा दोन-चार गाड्या येतातच. सीलमधून पाणी आणि गाळ आत शिरतो, ग्रीस खराब होतं, आणि महिन्या-दीड महिन्याने घरघर सुरू होते. हे तुम्ही सांगितलं नाहीत असं मी म्हणणार नाही. विचारायचं काम आमचं होतं.

आता पॅड. अलॉय चाकाच्या फटीतून तुम्हाला जो दिसतो तो बाहेरचा पॅड, तो खरंच बरा होता, साधारण पाच एमएम. आतल्या बाजूचा दोन एमएमच्या खाली गेला होता. कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन जाम झाली की असं होतं, एक पॅड झिजत राहतो आणि दुसरा आरामात बसतो. पिन साफ करून ग्रीस लावलं, त्याचे पैसे बिलात नाहीत, बघून घ्या. तसेच पॅड ठेवून तुम्ही कसारा घाट उतरला असता तर लोखंड डिस्कवर घासलं असतं आणि मग डिस्कही गेली असती. म्हणून पॅडचे 2,150 रुपये मी परत करणार नाही. मजुरीचे 600 मात्र करतो. ज्या तक्रारीसाठी तुम्ही आलात ती आम्ही सोडवली नाही, तर मजुरी कसली?

घोटीच्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याकडे गाडी गेली तेव्हा ब्रेकची करकर गेलेली होती, एकच आवाज उरला होता, हे खरं. पण ऐकला त्यांनी, आम्ही नाही.

तुम्ही रिव्ह्यूत शेवटी लिहिलंय की नवीन बेअरिंग टाकूनही थोडा हुंकार येतोय आणि आता दुसऱ्या बाजूचंही बेअरिंग बदलायला सांगितलंय. ते लगेच बदलू नका. तुमचे पुढचे टायर मला आठवतात, कडेने हात फिरवला की उंच-सखल लागत होतं. तसा टायर डांबरावर हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज करतो, भले भले फसतात. पुढचे टायर मागे टाकायचे आणि तोच रस्ता, तोच वेग. आवाज बदलला किंवा मागे सरकला तर टायर, तसाच पुढे राहिला तर मग बेअरिंग बघू. अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे लागणार नाहीत. या वेळी हायवेला मी स्वतः बसेन, तुम्ही चालवा.

रविवार सोडून कधीही या, सकाळी दहाच्या आत आलात तर रस्ता मोकळा मिळतो. तुमचे जुने पॅड काउंटरखाली खोक्यात आहेत, वर गाडीचा नंबर टाकलाय. पोराला सांगा, तो काढून देईल.