लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पण तीस वर्षांनी

ऑगस्ट लागला की तो मजकूर ग्रुपवर येतोच. सोबत विजयदुर्गाच्या तटबंदीचा फोटो. मजकुराचा सारांश असा: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर आले, तिथल्या ओट्यांवर त्यांनी दुर्बीण मांडली, सूर्यप्रकाशात एक पिवळी रेघ पाहिली आणि हेलियमचा शोध लावला. ते ओटे आजही ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवतात. ग्रहण बघायला जगात हीच एक जागा योग्य होती. म्हणून विजयदुर्ग हे हेलियमचं जन्मस्थान, आणि इंग्रजांनी ते दडवून ठेवलं.

ओटे खरे, ग्रहण खरं, लॉकियर विजयदुर्गाला आले हेही खरं. जुळणी तेवढी चुकली आहे.

“१८६८ साली लॉकियर विजयदुर्गावर होते.”

नव्हते. तेव्हा ते लंडनला युद्धखात्यात कारकुनी करत होते आणि उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाश फोडल्यावर दिसणारा रंगांचा नि रेघांचा पट्टा) दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी सांगितलेलं उपकरण मात्र ऑक्टोबरात कुठे हातात पडलं. २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमध्ये, ग्रहणबिहण काही नसताना, त्यांना तो वर्णपट दिसला. त्यातली पिवळी रेघ सोडियमच्या दोन ओळखीच्या रेघांवर बसत नव्हती, थोडी बाजूला पडत होती. सोडियमच्या रेघा डी-१ आणि डी-२, म्हणून ही डी-३. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात; ही रेघ पुढे हेलियमची ठरली.

म्हणजे ज्या निरीक्षणामुळे लॉकियर यांचं नाव हेलियमशी जोडलं गेलं, ते ग्रहणाशिवाय झालं. त्याचं महत्त्वच त्यात आहे. खग्रास स्थिती पाच-सहा मिनिटांची. तेवढ्यात रेघ शोधायची, मोजायची, वहीत उतरवायची. ग्रहणाविना ज्वाळा दिसू लागल्यावर तेच काम सावकाश करता आलं.

“पिवळी रेघ पहिल्यांदा इथेच दिसली.”

१८ ऑगस्टला ती बऱ्याच जणांना दिसली. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला, हेग विजापूरला आणि ले. जॉन हर्शेल जमखिंडीला. हर्शेल यांनी लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेघांची नोंद केली. पण पिवळ्या-नारिंगी भागात रेघ दिसली की ती सोडियमची, असा तेव्हाचा समज. नवं मूलद्रव्य म्हणून त्या दिवशी कुणीच दावा केला नाही. जान्सेन यांचा मोठेपणा वेगळा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, ग्रहण संपल्यावरही गुंटूरहून ज्वाळा पाहिल्या आणि पुढे काही दिवस रोज पाहत राहिले. त्यांचं पत्र आणि लॉकियर यांचं पत्र पॅरिसच्या अकादमीत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत वाचलं गेलं. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक पाडलं.

“ग्रहण बघायला योग्य अशी हीच जागा.”

ग्रहणाचा पट्टा एडनवरून येऊन आपला किनारा, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा पार सयामपर्यंत (आजचं थायलंड) गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होतं, यात वाद नाही. सयामचे राजे मोंगकुट तर आपण केलेलं गणित पडताळायला सगळा दरबार घेऊन किनाऱ्यावर गेले; गणित बरोबर आलं, पण तिथे हिवताप झाला आणि ऑक्टोबरात ते वारले.

पण तारीख परत एकदा बघा. १८ ऑगस्ट, म्हणजे श्रावणातली अमावास्या. कोकणात त्या सुमाराला आभाळ कसं असतं हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. ज्याला सूर्याकडे दुर्बीण रोखायची आहे तो त्या दिवसांत आपणहून कोकणच्या किनाऱ्यावर तळ ठोकणार नाही. हर्शेल, हेग, जान्सेन ही मंडळी घाटापलीकडे होती. आणि तिथेही ढगांनी छळलंच. जमखिंडीला तर हर्शेल ढगांच्या फटींतून पाहत होते.

“साहेबाचे ओटे हा त्याचा पुरावा.”

ओटे पुरावा आहेतच, पण दुसऱ्या ग्रहणाचा. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास सूर्यग्रहण झालं, पट्टा पुन्हा याच किनाऱ्यावरून गेला, आणि या खेपेला लॉकियर खरोखर विजयदुर्गाला उतरले. तोवर ते सर झाले होते. दोन वर्षांपूर्वी नॉर्वेच्या उत्तर टोकाला नेलेली त्यांची मोहीम ढगांनी वाया घालवली होती, त्यामुळे जानेवारीतलं कोकणातलं निरभ्र आकाश त्यांना किती मोलाचं वाटलं असेल ते समजतं. ‘मेलपोमनी’ ही आरमारी नौका मदतीला होती. तिच्यावरच्या खलाशांना हाताशी धरून तळ उभा केला: कुणी वेळ मोजायची, कुणी प्रभामंडलाचं (झाकलेल्या सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजाचं) चित्र काढायचं, कुणी कॅमेऱ्याची काच बदलायची. खग्रास स्थिती साधारण दोन मिनिटांची, म्हणून आधी रंगीत तालमी.

प्रिझम लावलेला लांबलचक कॅमेरा वाळूवर किंवा मुरुमावर तिवई ठोकून भागत नाही. जरा धक्का लागला की वर्णपटातल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. बूड पक्कं बांधावंच लागतं. किल्ल्याच्या आवारातल्या त्या बैठ्या ओट्यांचं प्रयोजन १८९८ च्या या तळाशी चपखल जुळतं. १८६८ साली लंडनमध्ये असलेल्या माणसासाठी ते कुणी बांधले, याचं उत्तर तो संदेश देत नाही.

“म्हणून हे हेलियमचं जन्मस्थान.”

१८९८ पर्यंत हेलियमला नाव मिळून पाव शतक उलटलं होतं. ‘हेलिओस’ या ग्रीक सूर्यावरून आलेलं ते नाव १८७१ साली पदार्थवैज्ञानिक विल्यम थॉमसन यांनी ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढच्या भाषणात जाहीरपणे घेतलं. १८९५ साली रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ सापडली आणि हेलियम पृथ्वीवरही आहे हे ठरलं. विजयदुर्गाला लॉकियर हेलियम शोधायला आलेच नव्हते. सूर्याच्या कडेचा जो पातळ थर ग्रहणाच्या सुरुवातीला नि शेवटी क्षणभर उजळतो, त्याचा वर्णपट त्यांना काचेवर घ्यायचा होता, आणि तो त्यांना मिळाला.

गोंधळाचं आणखी एक कारण मला दिसतं. लॉकियर त्याआधी १८७१ च्या डिसेंबरातही ग्रहणासाठी भारतात आले होते, आणि तेव्हाही तळ समुद्रकाठच्या किल्ल्यातच होता: केरळातल्या बेकलला. दोन किल्ले, तीन ग्रहणं, एक साहेब. सांगोवांगीत त्याचा एकच प्रसंग व्हायला वेळ लागत नाही.

“इंग्रजांनी दडवून ठेवलं.”

रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विजयदुर्गाचं नाव इंग्रजी वळणाने ‘व्हिझियाद्रुग’ असं मथळ्यात छापून या ग्रहणाचा अहवाल आला. दडवण्याची ही रीत नवीच म्हणायची.

राहता राहिला गावाचा मान. घेरिया नावाने हे बंदर इंग्रजांच्या कागदांत धसका म्हणून येतं. आंग्र्यांकडून ते घ्यायला १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांना आरमार घेऊन यावं लागलं, तेही पेशव्यांच्या फौजेच्या साथीने. पुढे इथूनच धुळपांनी मराठ्यांचं आरमार हाकलं. पिवळ्या रेघेच्या उसनवारीची या गावाला गरज नाही.

गावात १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. शाळेची मुलं येतात, सूर्याबद्दल चार गोष्टी ऐकतात. ते बंद करा असं कुणीच म्हणू नये. फक्त त्यांना १८९८ ची मोहीमही सांगा, आणि जमलं तर २२ जानेवारीला एक कार्यक्रम ठेवा. पाऊस नसतो, ओट्यांवर शेवाळ नसतं, आणि मुलांनी साधा प्रिझम उन्हात धरला तर ढग आडवा येण्याची भीती नाही.