‘आपला मानूस शे’ म्हणून पगार कमी? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया रात्री जेवणानंतर वाचली आणि राग आला. सकाळी मोल्डिंग मशीनशेजारी उभा राहून पुन्हा वाचली, तेव्हा निम्मा उतरला. उरलेल्या निम्म्यातून हे उत्तर लिहितोय, थोडं लांबेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की जळगाव एमआयडीसीत ठिबकची फिटिंग्ज बनवणाऱ्या आमच्यासारख्या १४ माणसांच्या कारखान्यालाही हुशार माणसं मिळतात, फक्त आपण जसे आहोत तसं न लाजता सांगावं. त्यावर भाऊंनी, जे मूळचे पारोळ्याचे आणि ११ वर्षं चाकणला आहेत, लिहिलं: ‘हा खरेपणा म्हणजे कमी पगारावर टाकलेली चादर. डोकं असलेला पोरगा जळगावात कशाला थांबेल? विप्रोसुद्धा अमळनेर सोडून बंगळुरूला गेली. माझा भाचा आयटीआय टर्नर होऊन घरी बसलाय, ठेवता का त्याला?’

पगाराचं आधी बोलू. तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. लेखात आकडे नव्हते आणि ते विसरून राहिले नव्हते. आमच्या टूलरूमच्या, म्हणजे प्लास्टिकचे साचे (डाय) सांभाळणाऱ्या माणसाला चाकणला ४२ हजार मिळायचे, मी ३४ देतो. ३४ हातात. हे ‘हातात’ मुद्दाम लिहितो, कारण बऱ्याच जाहिरातींत मालकाच्या वाट्याचा १२ टक्के पीएफसुद्धा पॅकेजमध्ये धरून आकडा फुगवतात आणि पोरगं पहिल्या महिन्याची स्लिप उलटसुलट करून बघत बसतं. पीएफचा कायदा २० माणसांपासून लागू होतो. आम्ही १४ असून स्वतःहून घेतला, तोही उपकार म्हणून नाही. त्याशिवाय मोठ्या कंपनीतला माणूस आमच्या गेटच्या आतच येत नव्हता.

चादरीबद्दलही कबूल करतो. आपल्याकडे ‘आपला मानूस शे’ म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. आपला माणूस, म्हणून रविवारी बोलवा. आपला माणूस, म्हणून वाढ पुढच्या दिवाळीवर ढकला. चारेक वर्षं मी हेच केलं आणि वर स्वतःला दिलदार समजत होतो.

पण पुढे तुम्ही म्हणता की सगळा खेळ पैशाचाच. ते मला पटत नाही. का पटत नाही, ते त्याच टूलरूमवाल्याच्या गोष्टीवरून सांगतो.

तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आला होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं, म्हणून सहज डोकावला. मी मुलाखती मुद्दाम दुपारी ठेवतो. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली काय होतं ते माणसाने आधीच बघितलेलं बरं, हिवाळ्यात भरीत खाऊ घालून भरती करायची आणि उन्हाळ्यात तोंड लपवायचं, हे मला जमत नाही. त्याने पाणी प्यायलं आणि ऑफिसात न बसता सरळ रिजेक्ट मालाच्या क्रेटकडे गेला. एक जॉइनर (नळ्या जोडायचा तुकडा) उचलला, जोडावर प्लास्टिकची नको असलेली कड, म्हणजे फ्लॅश, आली होती तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. ‘फ्लॅश एकाच बाजूला येतोय. कधीपासून?’

‘दोन महिने झाले.’

‘कशामुळे?’

आता इथे माझ्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. कच्चा माल खराब आलाय, ऑपरेटर नवीन आहे, डाय जुनी आहे. दोनदा तर मी पैसे मोजून डाय घासून आणली होती. पण थकलो होतो, म्हणून तोंडातून निघून गेलं, ‘माले माहीत नही, भाऊ.’

तो हसला. संध्याकाळी परत आला, सोबत जुने कपडे घेऊन. डायच्या एका अर्ध्याच्या तोंडाला निळा रंग लावून दोन्ही अर्धे मिटवले आणि पुन्हा उघडले. तीन कोपऱ्यांत रंग पलीकडच्या अर्ध्यावर उमटला होता, चौथा कोपरा कोरा. डायचा दोषच नव्हता. डाय दाबून धरणाऱ्या मशीनच्या चार दांड्यांपैकी (टाय बार) एकीचा नट ढिला झाला होता, त्यामुळे त्या बाजूने दाब कमी पडायचा आणि प्लास्टिक फटीतून बाहेर यायचं. मी दोन महिने भलत्याच ठिकाणी पैसे घालत होतो.

तो माझ्या खरेपणावर भाळून आला, असं मागच्या लेखातून वाटलं असेल तर ती माझी चूक. तो आला कारण वडिलांची केळीची बाग एकट्याने होत नव्हती आणि चाकणचं भाडं वाचत होतं. पण महिन्याभरात त्याला दुसरीकडून जास्त पैशांचा फोन आला, तेव्हा तो गेला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, तिकडे डाय माझ्याकडे आणि मशीन दुसऱ्याकडे असायचं, इथे दोन्ही माझ्या हातात आहेत आणि तुम्ही मधे लुडबुड करत नाही. लुडबुड न करणं मला किती जड जातं, हे त्याला अजून माहीत नाही.

उलटी गोष्टही सांगतो, जी मागच्या लेखात गाळली होती. धुळ्याची एक इंजिनियर मुलगी घेतली होती. मी तिला सांगितलं, आमचा डिझाइन विभाग आहे. विभाग म्हणजे कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर, ज्यावर सकाळभर टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, चालायची. तीन महिन्यांत ती गेली. टेबल नव्हतं याबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही, ‘विभाग’ या शब्दाबद्दल मात्र बोलली. मोठं दिसायची हौस होती मला, आणि तिला मी आत्मविश्वास समजत होतो. आता तो कॉम्प्युटर मी आधी दाखवतो, टॅलीसकट.

राहिलं विप्रो. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स १९४५ साली अमळनेरात निघाली आणि पुढचा मोठा पसारा बंगळुरूला झाला, हे खरंच आहे. पण अमळनेरचाच दाखला द्यायचा तर त्याच्याही आधीचा घ्या. १९१६ साली प्रताप शेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजींचे पाय त्या वास्तूला लागले, आणि १९३०च्या दशकात के. सी. भट्टाचार्यांसारखा बंगाली तत्त्वज्ञ संचालक म्हणून तिथे आला. कलकत्ता सोडून खानदेशात! शेठजींकडे गिरणीचा पैसा होता, माझ्याकडे बँकेचा हप्ता आहे, हा फरक मोठा आहे आणि मी तो झाकत नाही. पण पैसा तर तेव्हा मुंबईतही होता. निवांतपणा, पुस्तकं आणि शेजारी तेवढ्याच तोलाची चार माणसं हे अमळनेरात होतं. पोरगा आत आला की आपल्याकडे असं काय आहे, हे मी हल्ली आधी स्वतःला विचारून घेतो. कधी कधी उत्तर ‘काही नाही’ असतं. मग मी जाहिरातच देत नाही.

भाच्याचं तुम्ही टोमण्यात विचारलंत, मी सरळ सांगतो. टर्नरला माझ्याकडे काम नाही, कारण तो ज्यावर काम करतो ते लेथ मशीनच माझ्याकडे नाही. असेल तेव्हा बघू, असं म्हणून त्याला सहा महिने लटकवणार नाही. फिटर असता तर उद्याच बोलावला असता. आमच्या मागच्या गल्लीत दोन लेथ असलेलं जॉबवर्कचं शेड आहे, मालक तोंडाने फटकळ आहे पण पगार सात तारखेच्या आत देतो. भाच्याला सकाळी नऊच्या आत पाठवा, नंतर तो मालक भेटत नाही. येताना हाताने केलेला एखादा जॉब खिशात असू द्या, सर्टिफिकेटची झेरॉक्स तो वाचत नाही.