वेल्सचा खासदार उठला की काय करावे

मालवण तालुक्यातल्या वराडशी ज्याचं नातं, तो लिओ वराडकर आयर्लंडचा पंतप्रधान होऊन गेला. तेव्हा उद्या लंडनमध्ये कुणी तुम्हाला मंत्री व्हा म्हणालं, तर ‘अहो, मी कसला’ करत लाजत बसू नका. खातं बहुधा वेल्सचं मिळेल, कारण ते मागायला फारशी गर्दी नसते. दालन चांगलं असतं, चहा चांगला असतो. त्रास असा फक्त एका बुधवारचा.

दर काही आठवड्यांनी बुधवारी सकाळी साडेअकराला वेल्सविषयीचे प्रश्न पुकारले जातात. घाबरू नका. बरोबर बाराला पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं असतात, म्हणजे तुम्हाला खिंड लढवायचीय ती अर्धा तास. त्यातही शेवटची दहा मिनिटं देवाची देणगी. पंतप्रधानांना बघायला सदस्य लोंढ्याने आत यायला लागतात, खासदार 650 आणि बाकांवर जागा जेमतेम सव्वाचारशेंना, त्यामुळे जो तो जागा धरण्याच्या घाईत असतो. त्या कलकलाटात तुम्ही काय बोललात ते तुमच्या शेजाऱ्यालाही कळत नाही. अवघड प्रश्न त्या दहा मिनिटांत यावा, एवढीच प्रार्थना करा.

तर तो उठतो. किंवा ती उठते. हातात कागद, आणि कागदावर एक म्हातारी. वेल्सच्या खासदाराची ही खोड आहे, तो आकडेवारी घेऊन येत नाही, म्हातारी घेऊन येतो. समजा, पश्चिम वेल्समधल्या केरेडिगियनच्या डोंगरातल्या एखाद्या फार्मवरची. डिसेंबर 2024 मध्ये डॅरा वादळ आलं, तारा पडल्या, कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तांब्याच्या तारांवरचे जुने फोन वीज गेली तरी चालायचे. नवे फोन इंटरनेटवर चालतात, वीज गेली की तेही जातात. मोबाईलची रेंज दरीत उतरत नाही. म्हातारीच्या गळ्यात एक बटण असतं, पडलीबिडली तर दाबायचं. ते त्या फोनवरच चालतं. म्हणजे ती चार दिवस गळ्यात लॉकेट घालून बसली, असं समजा. ‘मंत्रिमहोदयांना याची कल्पना आहे का?’

आता लक्ष द्या. आधी सहानुभूती. ‘माननीय सदस्य हा विषय गेली कित्येक वर्षं अथकपणे मांडत आले आहेत, त्याबद्दल मी त्यांचं अभिनंदन करतो.’ यात तुम्हीही तितक्याच अथकपणे काही केलेलं नाही हे दडलेलं आहे, पण सभागृहात तेवढा विचार कुणी करत नाही. मग दूरसंचार कंपन्या खाजगी आहेत, नियामक स्वायत्त आहे, आणि तुमची त्यांच्याशी ‘विधायक चर्चा’ चालू आहे. चर्चा कायम चालूच ठेवायची. संपली की तिचं काय झालं, असं कुणीतरी विचारतं. आपल्याकडचे मंत्री ‘माहिती घेऊन सभागृहाला अवगत करू’ म्हणतात ना, ती विद्या मूळची याच घराण्यातली आहे. तुम्हाला ती रक्तातूनच येईल.

प्रश्न आरोग्याचा असेल तर तुमच्यासारखा भाग्यवान तुम्हीच. वेल्सला स्वतःचं सभागृह हवं असा 1997 च्या सार्वमतात 50.3 टक्क्यांनी कौल दिला, 1999 मध्ये वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, ते आलं आणि आरोग्य तिकडे गेलं. तेव्हा दात दुखणाऱ्यालाही तिकडेच पाठवा. ‘तो विषय कार्डिफच्या अखत्यारीत येतो’ हे वाक्य पाठ करा, झोपेतही म्हणता आलं पाहिजे. कार्डिफवालेही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. ते म्हणतात, लंडन पैसे देत नाही. चेंडू मधल्या सेव्हर्न नदीच्या या काठावरून त्या काठावर जातो, परत येतो. तोवर पेशंट वाट बघत असतो, किंवा नसतो.

उत्तर वेल्सच्या आरोग्य मंडळाला बेट्सी कॅडवालाडर हिचं नाव दिलंय. बाला नावाच्या गावाजवळ जन्मलेली ही बाई म्हातारपणी क्रिमियन युद्धात जखमींची शुश्रूषा करायला गेली होती. मंडळ मात्र 2015 मध्ये सरकारी देखरेखीखाली गेलं, 2020 मध्ये सुटलं, 2023 मध्ये पुन्हा गेलं. विरोधकांनी हे काढलं तर मान हलवा. ते तुमचं नव्हेच.

एक जागा जपा. सरकारी दंतवैद्य मिळत नाही म्हणून कुणी ओरडला तर ॲन्युरिन बेव्हनचं नाव चुकूनही काढू नका. हा वेल्समधल्या ट्रेडिगरचा खाणकामगाराचा पोरगा, पुढे आरोग्यमंत्री झालेला. गावातल्या कामगारांनी पगारातून वर्गणी काढून डॉक्टर ठेवले होते, तेच त्याने 5 जुलै 1948 ला अख्ख्या देशाला लावून दिलं. त्या मध्यरात्री जन्मलेलं नव्या आरोग्यसेवेचं पहिलं बाळसुद्धा ग्रामीण वेल्समधल्याच एका छोट्या इस्पितळातलं. आणि याच बेव्हनने 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, कशावरून? तर सरकारने कवळ्या आणि चष्म्यांना पैसे लावले म्हणून. कवळीसाठी मंत्रिपद! असली उदाहरणं तरुण सदस्यांच्या कानावर न गेलेली बरी.

कार्डिफच्या अखत्यारीतलं ते कार्डिफचं, बाकीचं आपलं, इतकं सरळ मात्र समजू नका. हिशेबाला जरा चव असावी लागते. लंडनहून बर्मिंगहॅमला एचएस-टू नावाची वेगवान रेल्वे बांधतायत. तिचा एक मीटर रूळ वेल्समध्ये पडणार नाही. पण कागदोपत्री ती ‘इंग्लंड आणि वेल्स’ची रेल्वे आहे. म्हणून त्या खर्चाच्या प्रमाणात स्कॉटलंडला आणि उत्तर आयर्लंडला वाटा मिळतो, वेल्सला नाही, कारण वेल्सला रेल्वेच मिळाली ना! कार्डिफहून हॉलिहेडला, म्हणजे वेल्सच्या खालून वेल्सच्या वर, गाडीने जायचं तर इंग्लंडमधून वळसा घालावा लागतो. अ‍ॅबरिस्टविथहून कारमार्थनला जाणारा रूळ होता, तोही 1965 मध्ये बंद झाला. यावर कुणी उठलाच तर ‘संपूर्ण जाळ्याला लाभ’ असं काहीतरी म्हणा. मलाही याचा अर्थ माहीत नाही, पण उच्चारायला भारदस्त आहे.

शेतकऱ्यांचा विषय आला की पाय सांभाळून टाका. वेल्समध्ये माणसं एकतीस लाखांच्या आसपास आणि मेंढ्या त्यांच्या जवळजवळ तिप्पट. मेंढ्यांना मत नाही, त्यांच्या मालकांना आहे. कार्डिफच्या सरकारने अनुदान हवं तर दहा टक्के जमिनीवर झाडं हवीत असा बेत आखला, तेव्हा मार्च 2024 मध्ये सेनेदच्या, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर शेतकऱ्यांनी गमबुटांचे 5,500 जोड आणून मांडले. तितक्या नोकऱ्या जातील असा अंदाज निघाला होता. नुसते बूट. आत पाय नाहीत. तुम्ही त्या वेळी लंडनमधून ‘बघा कार्डिफचा कारभार’ म्हणायला मोकळे. पुढे ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात शेतजमिनीच्या वारसा करातली सवलत लंडननेच आखडली, तेव्हा तेच बूट पायात घालून माणसं लंडनला आली. त्या दिवशी खिडकीपाशी उभं राहू नका. हाच काय तो उपाय.

थंडीचंही तसंच. केरेडिगियनमध्ये बहुतेक घरांना नळाचा गॅस नाही, अंगणातल्या टाकीत तेल भरून घर ऊबदार ठेवायचं. 2022 मध्ये सरकारने विजेच्या आणि गॅसच्या दराला लगाम घातला, तेलाला नाही. तेलावर घर तापवणाऱ्यांना आधी शंभर पौंड जाहीर केले, ओरडा झाला तेव्हा दोनशे. तुम्ही सांगताना ‘आम्ही मदत दुप्पट केली’ असं सांगायचं.

बँकेची शेवटची शाखा बंद झाली? व्यावसायिक निर्णय.

थोडा इतिहास वाचून ठेवा, धीर येतो. त्याच बाला गावाजवळच्या ट्रवेरिन खोऱ्यात कापेल केलिन नावाचं गाव होतं. शाळा, टपालकचेरी, चॅपल, दफनभूमी. लिव्हरपूलला पाणी हवं होतं. 1957 मध्ये संसदेत विधेयक आलं, वेल्सच्या 36 पैकी 35 खासदारांचा विरोध होता, विधेयक मंजूर. 1965 मध्ये गाव पाण्याखाली. धरणात गाव गेलेल्यांच्या नातवंडांना इथे मी आणखी काय सांगू? लिव्हरपूलच्या नगर परिषदेने माफी मागितली ती 2005 मध्ये. म्हणजे माफीचा प्रघात चाळीस वर्षांचा आहे, तुम्हाला तोवर पेन्शन लागलेली असेल. आणि आता तर वेल्सचे खासदार चाळिसावरून 32 वर आणलेत. 650 मध्ये 32. त्यांनी एका सुरात ओरडायचं ठरवलं तरी मागच्या बाकांवरच्या खोकल्यात विरून जातं.

दिवसाचं काम संपल्यावर अर्ध्या तासाची एक चर्चा असते, ती एकट्या खासदाराला मिळते. सभागृहात तो, तुम्ही आणि झोप आवरणारे तीन-चार जण. तो मन लावून बोलतो. तुमच्याकडे अधिकाऱ्याने लिहून दिलेली पानं असतात. वाचताना गावांची नावं येतील, तिथे जपा. आपल्याला ‘ळ’ म्हणता येतो म्हणून गाफील राहू नका, त्यांचा दोन एलांचा उच्चार जिभेच्या कडेने वारा सोडून करायचा असतो आणि तो जमला नाही की समोरच्याच्या अंगावर थुंकी उडते. तुमच्याच खुर्चीवर बसून गेलेल्या जॉन रेडवूड यांनी 1993 मध्ये वेल्सच्या राष्ट्रगीताला नुसतेच ओठ हलवले होते. कॅमेऱ्याने नेमकं टिपलं. अजून लोक ती फीत काढून हसतात.

वेल्सचा दौरा एखादा करावाच लागेल. कार्डिफ लंडनहून गाडीने दोन तासांत येतं, तिथेच थांबा. त्यापुढे मोबाईलला रेंज नसते, आणि रस्त्यात मेंढ्या उभ्या असतात, त्या मंत्र्याची गाडी म्हणून बाजूला होत नाहीत.

आणि 1 मार्चला सेंट डेव्हिडचा दिवस असतो, कोटाला पिवळा डॅफोडिल लावायचा. खऱ्या फुलाच्या नादी लागू नका, दुपारपर्यंत मान टाकतं. कापडी घ्या. पुढच्या वर्षी तोच लावता येतो, आणि त्याच कोटाच्या खिशात मागच्या वर्षीचं उत्तरही सापडेल.