उत्खननाला निघालाय? आधी चिठ्ठी लिहायला शिका

उत्खननावर स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणजे दिवसभर खणायचं, असं बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. खरं तर खुरपी हातात असते ती सकाळचे काही तास. बाकीचा दिवस चाळणं, धुणं, मोजणं, काढणं आणि लिहिणं यात जातो. आणि माझ्या मते हीच मुख्य कामं आहेत. खणलेला थर परत रचता येत नाही. वहीत आणि पिशवीवर जेवढं उतरलं तेवढाच तो उरतो.

आखणीपासूनच बघा. 5 बाय 5 मीटरचा खंदक आखताना 3-4-5 च्या त्रिकोणाने काटकोन घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 7.07 मीटर भरले पाहिजेत. दोन खंदकांमध्ये न खणता राखलेल्या मातीच्या भिंतीला बॉक म्हणतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या पद्धतीचा सगळा भार तिच्यावर, कारण थर तिच्या उभ्या कापात वाचायचे असतात. तिच्या कडेवर बसू नका, घमेली ठेवू नका. कड ढासळली की पुरावाही जातो आणि खाली काम करणाऱ्याच्या अंगावर माती येते ती वेगळीच.

खणताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो जुन्या खड्ड्यांमुळे. कुणीतरी नंतरच्या काळात कचऱ्यासाठी खड्डा खणलेला असतो आणि तो खालचे जुने थर कापत गेलेला असतो. तो ओळखला नाही तर नंतरची खापरं जुन्या थराच्या पिशवीत जातात, आणि मग कालक्रमावर कितीही चर्चा करा, उपयोग नाही. माती एकदम भुसभुशीत लागली, रंग गडद झाला, खुरपीचा आवाज बदलला की थांबा. पृष्ठभाग सपाट खरवडा, पाण्याचा हलका फवारा मारा, कड दिसते. आधी खड्डा रिकामा करायचा, त्याला वेगळा क्रमांक द्यायचा, मगच आजूबाजूचा थर.

आता सापडलेल्या वस्तूंच्या पिशवीची चिठ्ठी. स्थळाचं सांकेतिक नाव, वर्ष, खंदक, थर, खोली, तारीख, लिहिणाऱ्याची आद्याक्षरं. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, तोच मजकूर बाहेर. आतली पेन्सिलने लिहा. जेल पेनची शाई ओलसर खापरांमध्ये पसरते आणि महिन्याभराने नुसता निळा डाग हाती लागतो. पिशवीला बारीक भोकं पाडा, नाहीतर बुरशी येते. रिकाम्या पिशव्यांवर आधीच मजकूर लिहून ठेवायची सवय मात्र घातक. थर बदलतो, पिशवी तीच राहते.

धुण्याचं काम कंटाळवाणं समजून नवख्यांच्या गळ्यात मारतात. मला हे पटत नाही, कारण नुकसान इथेही होतं. एका वेळी एकच पिशवी, मऊ ब्रश, आणि कडा नीट घासायच्या, कारण मातीचा पोत तिथेच दिसतो. रंगवलेला भाग जोरात घासला तर रंग निघून जातो. धातू, कच्ची माती, आतून काजळी किंवा अन्नाचा थर चिकटलेली खापरं पाण्यात घालायचीच नाहीत. बादली ओतण्याआधी तळ चाळा, बारीक मणी तिथे सापडतात. खापरं सावलीत वाळवायची आणि चिठ्ठी त्याच ट्रेमध्ये राहिली पाहिजे. वाऱ्याने दोन ट्रेच्या चिठ्ठ्या उडाल्या की दोन्ही ट्रे बाद.

कार्बन-14 चाचणीसाठीचा, म्हणजे वय काढायला पाठवायचा कोळसा हाताने उचलू नका. स्वच्छ खुरपीच्या टोकाने अॅल्युमिनियम फॉइलमध्ये घ्या. कापूस, कागद नको.

उभ्या कापाचं रेखाटन बहुधा 1:10 किंवा 1:20 प्रमाणात करतात. आडवी दोरी ताणून बांधा आणि पातळी बघायची नळी दोरीच्या बरोबर मध्यावर लावा, टोकाला लावली तर झोळामुळे चुकीची पातळी दाखवते. मातीचा रंग मनसेल या रंगनमुन्यांच्या तक्त्यावर बघताना गॉगल काढा आणि माती ओली होती की कोरडी तेही लिहा. तीच माती ओली असली की गडद दिसते.

प्रकल्प चालवणाऱ्यांनाही एक सांगायचंय. विद्यार्थ्यांना महिनाभर घमेली वाहायला लावून नोंदवही एकाच वरिष्ठाच्या ताब्यात ठेवू नका. त्याला ताप आला की त्या दिवसाची नोंद दुसऱ्या दिवशी आठवणीतून लिहिली जाते. वही आळीपाळीने द्या, अगदी पहिल्या आठवड्यापासून. संध्याकाळी एकाने वही वाचायची, दुसऱ्याने पिशव्या मोजायच्या. आकडा जुळला नाही तर तेव्हाच शोधा. सकाळी खणणं सुरू झालं की ती पिशवी कुठल्या थराची होती हे सांगणारी माती जागेवर नसते.